तांबं, तेजाब आणि एक ऑक्सिजन : माझा अनुभव

लेक अकरावी सायन्सला. तांबं आणि विरल (पाणी घातलेल्या) नायट्रिक ॲसिडचं समीकरण आलं तेव्हा क्लासच्या सरांनी फळ्यावर सूत्रांच्या आधीचे आकडे ३, ८, ३, २, ४ लिहिले (3Cu + 8HNO₃ → 3Cu(NO₃)₂ + 2NO + 4H₂O) आणि ‘पाठ करून टाका’ म्हणाले. आठ कुठून आले, असं तिनं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘परीक्षेत ते विचारत नाहीत.’ मला अजून राग येतो. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करायच्या, धंद्यापायी देशभर पांगलीत, तेजाबात (ॲसिडात) धातू विरघळवणं हे घरचं काम. तिथल्या पोरीला हे उत्तर!

बारावीनंतर माझं शास्त्र सुटलं होतं, तरी हट्टानं वही घेऊन बसले. बाकीची समीकरणं भराभर सुटली. हे एकच दोन संध्याकाळी खाऊन बसलं.

तांबं १ धरलं. उजवीकडे कॉपर नायट्रेटमध्ये नायट्रोजन २, नायट्रिक ऑक्साइडमध्ये १, म्हणून ॲसिड ३. मग हायड्रोजन ३, म्हणजे पाणी दीड. सगळं दुप्पट केलं: तांबं २, ॲसिड ६, कॉपर नायट्रेट २, नायट्रिक ऑक्साइड २, पाणी ३. ऑक्सिजन मोजले. डावीकडे १८, उजवीकडे १७. पुन्हा मोजले, तरी १७च. लेक म्हणाली, “आई, एका नायट्रिक ऑक्साइडच्या ऑक्सिजनला खाली २ लावू? जुळतंय बघ.” जुळत होतं, पण मग तो वायूच वेगळा होतो, नायट्रोजन डायऑक्साइड. सूत्राच्या आतल्या आकड्याला हात लावायचा नाही, बदलायचा तो सूत्राच्या आधीचा.

दुसऱ्या संध्याकाळी सासऱ्यांची भट्टी आठवली. तेजाबात तांबं मिसळलेली चांदी पडली की तांबूस धूर उठायचा आणि भांड्यात निळसर पाणी उरायचं. म्हणजे थोडं ॲसिड वायू होऊन जातं आणि बाकीचं नायट्रेट होऊन पाण्यात राहतं! मी दोन्हींचा हिशोब एकत्र करत होते. किती ॲसिडचा वायू होणार, ते तांब्यानं दिलेल्या इलेक्ट्रॉनवर ठरतं. तांब्याचा एक अणू २ इलेक्ट्रॉन देतो. नायट्रोजनचा ऑक्सिडेशन नंबर (इलेक्ट्रॉनच्या देवघेवीचा हिशोब ठेवणारा आकडा) +५ वरून +२ वर येताना तो ३ घेतो. म्हणून तांबं ३, वायू २. दोन्हीकडे ६ इलेक्ट्रॉन. तीन कॉपर नायट्रेटला नायट्रोजन ६, वायूला २, झाले ८. पाणी ४. ऑक्सिजन २४ आणि २४. मी जागेवरून उठलेच!

हो, एक सांगायचं राहिलं. नायट्रेटचा गट अखंड मोजायची सवय इथं घात करते, कारण सगळा गट अखंड उरतच नाही. आणि ऑक्सिजन पडताळ्यासाठी शेवटी ठेवा.

संहत (दाट) ॲसिडचं समीकरण लेकीनं एकटीनं केलं. तिथं नायट्रोजन +५ वरून +४ वरच येतो, म्हणून एका तांब्याला वायू (इथं नायट्रोजन डायऑक्साइड) २. मी चहा टाकून आले तोवर वहीत १, ४, १, २, २ होतं आणि खाली ऑक्सिजनच्या १२ आणि १२ वर तिनं दोनदा रेघ ओढली होती.