आमची 'उपवसाची' भाजणी आणि ट्रेडमार्कचं लफडं

तर झालं असं की २०२१ च्या श्रावणात तुळशीबागेजवळच्या एका दुकानात मला आमची भाजणी दिसली, म्हणजे मला वाटलं आमची, पाकीट तेच, लाल काठ, जात्यावर बसलेली नऊवारीतली बाई, खाली आजेसासूबाईंचं नाव, पण त्या दुकानात आम्ही माल देतच नाही! उलटून बघितलं तर पत्ता भलताच. आणि कहर म्हणजे आमच्या एका छपाईत 'उपवासाची' मधला काना गळून 'उपवसाची भाजणी' झालं होतं, पाच हजार पाकिटं आलेली म्हणून तशीच खपवली, तर या पठ्ठ्याने ती चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली. आम्ही पुढच्या छपाईत सुधारली, त्याने नाही. त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं मलाच विचारायला लागली, "वहिनी, पाकीट वेगळं कसं, डुप्लिकेट नाही ना?"

तोपर्यंत ट्रेडमार्क वगैरे मोठ्या कंपन्यांचं काम असं माझं ठाम मत होतं. वकीलबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या नोंदणी नसली तरी पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याने त्याचा माल आमच्या नावावर खपवल्याचा, दावा लावता येतो, पण खर्च ऐकून मी पाणी मागितलं. मग २०२२ च्या सुरवातीला निदान ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज तरी टाकू म्हणून टाकला. भाजणी, मेतकूट, मसाले क्लास ३० मध्ये (मालाचे असे क्रमांकाचे वर्ग असतात), लोणचं मात्र २९ मध्ये, आणि फी क्लासप्रमाणे, ऑनलाइन भरली तर छोट्या धंद्याला प्रत्येकी ४५०० रुपये. म्हणजे एका लोणच्यापायी डबल.

खरा घाम फुटला तो 'वापर कधीपासून' याचे पुरावे गोळा करताना. आम्ही म्हणतो तीस वर्षं, पण दाखवा ना. सासूबाईंनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली, त्यात जुनी बिलबुकं, ग्राहक पेठेतल्या प्रदर्शनाची पावती, आणि एक रबरी शिक्का निघाला, शाई वाळून दगड झालेली. शिक्का शाईत बुडवून कागदावर मारला तर नाव उमटलं! "मी सांगत होते कागद टाकू नका," हे वाक्य त्या दिवशी किमान नऊ वेळा ऐकलं, आणि गप्प बसले, कारण त्यांचंच बरोबर होतं.

ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षण अहवालात आक्षेप आला, तिसऱ्याच कोणाचं मिळतंजुळतं नाव आधीच आहे म्हणे, ३० दिवसांत उत्तर दिलं, सुटलो. मग त्यांच्या जर्नलमध्ये आमचं नाव प्रसिद्ध झालं. त्यानंतर चार महिने कोणीही विरोध करू शकतं. आम्ही दिवस मोजत होतो आणि शेवटच्या आठवड्यात विरोध आला, कोणाचा सांगा? त्याच पाकीटवाल्याचा! चोराच्या उलट्या बोंबा. दोन महिन्यांत प्रत्युत्तर दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात, ते दिलं, पुढे दोन्हीकडचे पुरावे झाले, आणि मग सुनावणीच्या तारखेची वाट. वाट म्हणजे वाटच.

मधल्या काळात पोलिसांकडेही जाऊन आले. साहेब बोलायला चांगले होते, पण ट्रेडमार्क कायद्याचं कलम ११५ असं आहे की धाड टाकून माल जप्त करायचा तर उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. मत येईपर्यंत माल तिथेच बसून राहणार आहे का हो?

त्यात भाच्याने दुबईहून फोटो पाठवला, तिथल्या करामा भागातल्या दुकानात तेच 'उपवसाची' पाकीट. इथली नोंदणी तिथे चालत नाही, देश बदलला की हक्क बदलतो. माद्रिद प्रोटोकॉल म्हणून ट्रेडमार्कचा देशादेशांतला करार आहे, त्यातून इथूनच अर्ज करता येतो, भारत त्यात २०१३ मध्ये गेला आणि अमिराती २०२१ च्या डिसेंबरात, म्हणून मी खूश. पण मूळ फीच ६५३ स्विस फ्रँक, रंगीत लेबल असेल तर ९०३, वर त्या देशाची फी वेगळी. आणि पहिली पाच वर्षं तो अर्ज इथल्या अर्जावर टांगलेला, इथला पडला की तिथलाही पडतो. इथला तर विरोधात अडकलेला!

लेबलवरच्या चित्राचंही तसंच. ते भाचीने कॉलेजात असताना काढलेलं, त्याबद्दल मी तिला पैठणी दिली आणि एका कागदावर 'चित्र काकूला दिले' लिहून घेतलं. वकीलबाई हसल्या. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि ठिकाण लिहिलं नाही तर फक्त भारत, असं कॉपीराइट कायदा धरतो. म्हणजे दुबईसाठी तो कागद शून्य. पुन्हा करार केला, यावेळी पैठणी मागितली नाही बिचारीने.

मग आमच्या व्यापारी संघटनेने केंद्राला निवेदन द्यायचं ठरवलं तेव्हा मी तावातावाने गेले. हळदीच्या पेटंटची गोष्ट निघालीच, पुण्यात शास्त्रज्ञ माशेलकरांचं नाव निघणार नाही असं कसं होईल, ते तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख. अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेलं ते पेटंट सीएसआयआरने भांडून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. खरंय, पण त्यांच्यामागे सीएसआयआर होती, माझ्यामागे वकीलबाई आणि एक ट्रंक.

मसुद्यात कोणीतरी कुठूनतरी उचललेलं एक वाक्य होतं, औषधांच्या पेटंटचं कलम ३(ड) काढा म्हणून. मी म्हटलं हे कशाला? जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळू नये म्हणून ते कलम आहे, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाचं पेटंट त्यावरच नाकारलं. सासूबाईंच्या गोळ्या महाग करून माझी भाजणी वाचणार आहे का? थोडी वादावादी झाली, एक काका म्हणाले "ताई, संरक्षण म्हटलं की सगळंच आलं." शेवटी वाक्य काढलं. राहिलं ते एवढंच, विरोधाची सुनावणी ठराविक मुदतीत संपवा, कलम ११५ मधली रजिस्ट्रारच्या मताची अट छोट्या उद्योगांसाठी सोपी करा, आणि परदेशातल्या अर्जाच्या फीला मदत करा. मला विचाराल तर पहिलंच महत्त्वाचं, कायदा कडक नको, लवकर हवा.

निवेदन गेलं, पोच आली. त्याचा काही संबंध नसेल, पण गेल्या आठवड्यात सुनावणीची नोटीस आली, व्हिडिओ कॉलवर, सकाळी ११ ला. खाली चक्की त्याच वेळी सुरू असते, मुलींना सांगून ठेवलंय की त्या दिवशी बारापर्यंत भाजून घ्या, दळायला घेऊ नका.