निवडलेला मुलगा खेळताना का दिसत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या आणि आइस हॉकीचे वेड लागलेल्या माझ्यासारख्या माणसाला भारतातून आलेले नातेवाईक एकच प्रश्न हमखास विचारतात. जूनमध्ये तुमच्या रेड विंग्ज संघाने एवढ्या गाजावाजात एक मुलगा निवडला, त्याला जर्सी आणि टोपी घालून फोटो काढले, मग ऑक्टोबरात मोसम सुरू झाला तेव्हा तो मैदानात का नाही? आयपीएलच्या लिलावात विकत घेतलेला खेळाडू पुढच्याच मोसमात त्या संघाच्या गणवेशात दिसतो, त्यामुळे हा प्रश्न पडणे साहजिकच आहे. थोडक्यात उत्तर असे, की ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या मुलांच्या या वार्षिक निवडीत, संघाला खेळाडू मिळत नाही, त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क मिळतो. तो हक्क हाती आल्यानंतरची तीन-चार वर्षे संघ काय करतो, यावरच पुढचे बहुतेक सगळे ठरते.

आधी ड्राफ्टची रीत सांगतो. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातील सर्वांत वरच्या लीगमध्ये, ३२ संघ आहेत आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात, म्हणजे दर वर्षी सुमारे २२४ मुले निवडली जातात. बहुतेक मुले अठरा वर्षांची असतात. बोली लागत नाही. ज्याची पाळी येईल त्या संघाने नाव पुकारायचे, आणि नवख्या खेळाडूच्या पहिल्या करारातील मानधनावर लीगने मर्यादा घातलेली असल्यामुळे पैशांची चढाओढही होत नाही. हरणाऱ्या संघांना आधी पाळी मिळते, पण मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. ही सोडत किती निष्ठुर असते ते आम्ही २०२० मध्ये पाहिले. त्या मोसमात रेड विंग्जने ७१ पैकी अवघे १७ सामने जिंकले होते आणि लीगमध्ये आमच्याहून वाईट कोणीच नव्हते, तरीही सोडतीत आम्ही चौथ्या क्रमांकावर घसरलो आणि पहिला क्रमांक न्यूयॉर्क रेंजर्सला गेला. चौथ्या क्रमांकावर स्वीडनचा लुकास रेमंड मिळाला आणि तो उत्तम निघाला, हे आता म्हणता येते. त्या संध्याकाळी मात्र गावभर सुतकी चेहरे होते.

डेट्रॉइटमध्ये ड्राफ्टचा विषय निघाला की कोणीतरी पुढे संघाचा तारा ठरलेल्या पावेल दात्स्युकची गोष्ट सांगतेच. संघाचे युरोपातील शोधक हाकान अँडरसन रशियात दिमित्री कालिनिन नावाच्या एका बचावपटूला पाहायला गेले असताना त्यांची नजर या लहानखुऱ्या मुलावर पडली. आधीच्या दोन ड्राफ्टमध्ये कोणत्याही संघाने त्याचे नाव घेतले नव्हते; १९९८ मध्ये डेट्रॉइटने त्याला १७१ व्या क्रमांकावर घेतले. पुढच्याच वर्षी २१० व्या क्रमांकावर स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग आला आणि तोही पुढे तारा ठरला. ही गोष्ट नेहमी पारखी नजरेची म्हणून सांगितली जाते आणि ती नजर होतीच. पण मला त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. दात्स्युक डेट्रॉइटकडून पहिला सामना खेळला तो २००१ मध्ये आणि झेटरबर्ग २००२ मध्ये. मधली तीन वर्षे दोघेही आपापल्या देशांत, मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळत राहिले आणि संघाने त्यांना खेळू दिले. एकविशीच्या आत त्यांना इथे आणून चौथ्या फळीत सामन्यागणिक सात-आठ मिनिटे खेळवले असते, तर अँडरसन यांची नजर वाया गेली असती असे माझे मत आहे.

अर्थात वाट पाहणे म्हणजे नुसते स्वस्थ बसणे नव्हे. मुलाला कुठे ठेवायचे हा निर्णय घ्यावा लागतो आणि त्यात नियमांच्या पुष्कळ अडचणी असतात. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून घेतलेल्या मुलाच्या बाबतीत अनेक वर्षे नियम असा होता, की विशीच्या आत तो एकतर थेट वरच्या लीगमध्ये खेळेल, नाहीतर आपल्या ज्युनियर संघात परत जाईल. त्याला मधल्या पायरीवर, म्हणजे अमेरिकन हॉकी लीगमध्ये, ठेवता येत नसे. अमेरिकेतल्या विद्यापीठात खेळणारा मुलगा शिकत असेपर्यंत करार करत नाही, आणि तेवढा काळ त्याच्यावरचा हक्क संघाकडे राहतो. युरोपातून आलेल्या मुलाच्या बाबतीत संघाला सर्वांत जास्त मोकळीक असते, आणि या मोकळिकीचा किती चांगला उपयोग करता येतो हे मॉरिट्झ सायडरच्या उदाहरणावरून दिसते.

२०१९ चा ड्राफ्ट व्हँकुव्हरला झाला. स्टीव्ह आयझरमन डेट्रॉइटचे सरव्यवस्थापक झाल्यानंतरचा तो पहिलाच ड्राफ्ट होता. सहाव्या क्रमांकावर जर्मनीच्या बचावपटूचे नाव पुकारले गेले तेव्हा खुद्द सायडरच्या चेहऱ्यावरचा अविश्वास कॅमेऱ्याने टिपला. बहुतेक जाणकारांच्या मते तो बराच खाली जायला हवा होता. मग संघाने त्याला घाईने वर आणले नाही. पहिल्या वर्षी त्याला ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्समध्ये, म्हणजे डेट्रॉइटपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या आमच्याच दुय्यम संघात खेळवले. युरोपातील रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, साधारण ३० मीटर रुंद असते तर इथली २६ मीटरला थोडी कमी, त्यामुळे पकपाशी (चेंडूऐवजी वापरल्या जाणाऱ्या रबरी चकतीपाशी) पोहोचलेल्या बचावपटूवर समोरचा खेळाडू इथे लवकर चालून येतो. ही सवय अंगात मुरायला ते वर्ष होते. दुसऱ्या वर्षी कोविडच्या साथीमुळे इथले मोसम लांबणीवर पडले, तेव्हा त्याला स्वीडनच्या रोग्ले संघाकडे पाठवले आणि तिथे तो त्या लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०२१ च्या शरदात तो डेट्रॉइटच्या संघात आला, एकही सामना न चुकवता सगळे ८२ सामने खेळला, ५० गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलला केलेले साहाय्य मिळून) मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन गेला.

हे प्रशिक्षण प्रत्यक्षात कसे चालते ते पाहायचे असेल तर सप्टेंबरात मिशिगनच्या उत्तरेला ट्रॅव्हर्स सिटीला जावे. तिथल्या सराव शिबिरात तिकीट काढून बसता येते आणि रिंक लहान असल्यामुळे प्रशिक्षकांचा आवाजही ऐकू येतो. तिथे पाहिलेला एक सराव माझ्या लक्षात राहिला आहे. प्रशिक्षक पक कोपऱ्यात ढकलतो, तरुण बचावपटू तो आणायला पाठमोरा धावतो, आणि त्याच्या मागे एक खेळाडू सोडला जातो. पकपर्यंत पोहोचण्याआधी मुलाने दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घ्यायचे, एवढेच त्यात शिकायचे असते. ज्याने पाहिले नाही त्याला प्रशिक्षक रागावत नाही. मागचा खेळाडू त्याला रिंकभोवतीच्या काचेवर दाबतो आणि मुलगा पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो. ज्युनियर लीगमध्ये अंगच्या वेगावर हे न करताही निभावून जात असे. वर येण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी अशाच, वरकरणी क्षुल्लक आणि कंटाळवाण्या असतात.

सगळ्यांनाच थांबवून ठेवावे असे मात्र मी म्हणणार नाही. आजचा कर्णधार डिलन लार्किन मिशिगनचाच. २०१४ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला, मिशिगन विद्यापीठात एक वर्ष खेळला आणि एकोणिसाव्या वर्षी मुख्य संघात आला तो कायमचाच. उलट २०१८ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेला फिलिप झादिना ग्रँड रॅपिड्सला खेळूनही डेट्रॉइटमध्ये रुजला नाही आणि २०२३ मध्ये त्याने पुढच्या मानधनावर पाणी सोडून करार संपवून घेतला. त्या दोन ड्राफ्टच्या वेळी दोघांपैकी कोण रुजेल असे मला विचारले असते, तर मी झादिनाचे नाव घेतले असते, आणि माझ्यासारखे पुष्कळ होते.

गोलरक्षकाच्या बाबतीत तर धीराला पर्यायच नसतो, कारण फॉरवर्ड बारा खेळतात आणि गोल एकच असतो. जिमी हॉवर्डला २००३ मध्ये निवडले आणि ग्रँड रॅपिड्समध्ये चार मोसम काढल्यावर २००९ मध्ये त्याला मुख्य संघात कायमची जागा मिळाली. सेबॅस्टियन कोसाला २०२१ मध्ये पंधराव्या क्रमांकावर घेण्यासाठी संघाने सौदा करून पाळी वर आणली होती, तरी पहिल्या व्यावसायिक वर्षी त्याला आणखी एक पायरी खाली, ओहायोतल्या टोलीडो वॉलाय संघात खेळावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये बफेलोत चालू सामन्यात त्याला मैदानात उतरवले आणि तो सामना शूटआउटमध्ये संघाने जिंकला. त्यानंतर त्याला परत ग्रँड रॅपिड्सला पाठवले, आणि लगेच मला भारतातून फोन आला, की जिंकून दिलेल्या मुलाला कोणी परत पाठवते का? पाठवतात, कारण डेट्रॉइटमध्ये तो बाकावर बसून दुसऱ्या गोलरक्षकाचा खेळ पाहत राहिला असता. ग्रँड रॅपिड्समध्ये सामने बहुतांशी आठवड्याच्या शेवटी असतात, मधले दिवस सरावाला मिळतात, आणि चेंडूऐवजी पक अडवणाऱ्या विशीतल्या मुलाला सगळ्यात जास्त गरज असते ती दर आठवड्याला स्वतः गोलमध्ये उभे राहण्याची.