बराकीतला साक्षीदार

आज फोर्टला सिटी सिव्हिल कोर्टात अख्खी दुपार एका यादीवर गेली. आमचा अशील कैदी आहे. तुरुंगात हात मोडला, उपचार वेळेवर मिळाले नाहीत, म्हणून नुकसानभरपाईचा दावा. साक्षीदारांची नावं त्याने वहीच्या फाटक्या पानावर, पेन्सिलीने लिहून पाठवली होती. त्यात एक नुसतंच ‘पेंटर’. शेजारी झोपणारा, पडताना पाहिलेला एकटाच माणूस!

वादमुद्दे, म्हणजे नेमका वाद कशावर आहे ते प्रश्न, कोर्टाने ठरवल्यावर १५ दिवसांत यादी द्यावी लागते. पेंटरचं खरं नाव कळेपर्यंत मुदत टळली होती. सबळ कारण दिलं तर कोर्ट नंतरही परवानगी देतं, तेच मांडलं. तीन नावं गळली. ती माणसं तेव्हा तिथे नव्हतीच, ते पटलं. डॉक्टर राहिले. पेंटरही राहिला!

तो आता नाशिकरोडच्या तुरुंगात आहे. २५ किलोमीटरपलीकडच्या कैद्याला कोर्टात सहसा आणत नाहीत, म्हणून कमिशनवर साक्ष होईल, म्हणजे कोर्टाने नेमलेली व्यक्ती तुरुंगात जाऊन ती नोंदवेल. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत ही सोय आली, आज ती खरोखर उपयोगी पडली.

बाहेर जिन्याजवळ अशिलाची आई उभी होती. सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “वकीलताई, म्हणजे तो बोलणार ना?”

हो मावशी, बोलणार.