हॅरिएट टबमनची पेन्शन फाईल आणि आठवीचा वर्ग

इथे मेरीलँडमध्ये मी सबस्टिट्यूट टीचर म्हणून जाते. म्हणजे जो टीचर रजेवर असेल त्याचा वर्ग सांभाळायचा, त्याने ठेवलेलं वर्कशीट वाटायचं आणि पोरं एकमेकांच्या अंगावर जात नाहीत ना तेवढं बघायचं. त्या दिवशी आठवीचा हिस्टरीचा तास होता आणि टेबलावर हॅरिएट टबमनच्या पेन्शनच्या कागदांचे प्रिंटआऊट. आता मी लग्नाआधी आपल्याकडे जिल्हा कोषागारात पेन्शन शाखेत होते, त्यामुळे ते कागद हातात घेतल्यावर वर्कशीट बाजूलाच राहिलं, म्हटलं चला आज तुम्ही सगळे कमिटी, आणि मी त्रुटी काढणारी क्लार्क.

टबमन ही काळी बाई गुलामीतून पळाली आणि परत जाऊन जाऊन बाकीच्यांना सोडवून आणलं, एवढं पोरांना पाठ असतं. पण सिव्हिल वॉरमध्ये तिने साउथ कॅरोलिनात युनियन आर्मीसाठी, म्हणजे उत्तरेच्या फौजेसाठी, आजाऱ्यांची सेवा केली, स्वयंपाक केला, हेरगिरी केली, हे बऱ्याच जणांना नवीन होतं. जून 1863 मध्ये कॉम्बाही नदीवर जो छापा पडला त्याची माहिती तिने आणि तिच्या माणसांनी काढलेली, स्वतः कर्नल माँटगोमेरीबरोबर बोटीवर होती, एका रात्रीत 700 च्या वर गुलाम सुटले. आणि हेरगिरीचे हातात किती पडले तर सगळे मिळून 200 डॉलर, तेही तिने सुटून आलेल्या बायकांना कामधंदा मिळावा म्हणून कपडे धुण्याची जागा उभारण्यात घातले. स्वतःचं पोट भरलं ते भाजलेले गोड 'पाय' (pie) आणि रूट बिअर नावाचं पेय विकून.

मग प्रतिज्ञापत्र वाचलं. साधारण 1898 चं आहे, लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून सहीच्या जागी फुली. मागणी अशी की तीन वर्षं हॉस्पिटलात नर्स आणि कुक, शिवाय आठ-नऊ स्काउट्सची, म्हणजे टेहळणी करणाऱ्यांची, प्रमुख, त्याचे 1800 डॉलर द्या. पण मला हसू आलं आणि वाईटही वाटलं ते पुढच्या भागात. मूळ कागद तिने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या चार्ल्स वुडला दिले, तो वारला, त्याने ते वॉशिंग्टनच्या वकिलाला पाठवलेले, वकिलाच्या बायकोने म्हणे एका काँग्रेसमनला दिले, आणि सोबत जोडल्यात त्या फक्त नकला. अहो हे तर मी रोज ऐकलंय! फाईल वरच्या ऑफिसला गेली, तिथून साहेबांनी मागवली, साहेबांची बदली झाली. फक्त आवक-जावक नंबर तेवढे नव्हते.

मी विचारलं, मूळ प्रत नाही, सेवापुस्तक नाही, काय करायचं? एक मुलगा लगेच, नो ओरिजिनल, नो मनी. त्याच्यावर सगळा वर्ग तुटून पडला. एक मुलगी म्हणाली की हेराची नोंद ठेवली असती तर ती पकडलीच गेली असती ना, मग नोंद मागता कशी? या मुद्द्याला माझ्याकडे क्लार्क म्हणून उत्तर नव्हतं, मी म्हटलं पुढे बोला. कोणीतरी पुरावा काढला, माँटगोमेरीने युद्ध चालू असतानाच आपल्या जनरलला लिहिलेलं की ही बाई विलक्षण आहे आणि स्काउट म्हणून अमूल्य. नो-ओरिजिनलवाला म्हणे, हे शिफारसपत्र झालं, अपॉइंटमेंट ऑर्डर नाही. शब्दाला शब्द बरोबर!

शेवटी 1899 चा कायदा वाचला. तिला आधी महिना 8 डॉलर मिळत होते ते नवऱ्याचे, म्हणजे आपली फॅमिली पेन्शन, नेल्सन डेव्हिस सैनिक होता म्हणून. संसदेच्या खालच्या सभागृहाने, हाउसने, 25 म्हटलेलं, वरच्या सिनेटने 20 वर आणलं. वरचे 12 नर्सच्या कामाचे धरले गेले, पण कायद्याच्या मजकुरात तिची ओळख काय, तर आठव्या कलर्ड इन्फन्ट्रीतल्या, म्हणजे काळ्या सैनिकांच्या पायदळातल्या, प्रायव्हेट (साधा शिपाई) नेल्सन डेव्हिसची विधवा. स्काउट हा शब्दच नाही. म्हणजे पैसे वाढवले पण कशाचे ते लिहायचं टाळलं, टिपणी लिहिणाऱ्याचा हात मला लगेच ओळखू आला. हे असं मुद्दाम मोघम लिहायला फार डोकं लागतं.

एका पोरीचे वडील नॅशनल गार्डमध्ये आहेत. तिने सांगितलं की मेरीलँडने 11 नोव्हेंबर 2024 ला टबमनला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं, मग आता जनरलचे एरिअर्स काढा. टबमन तर 1913 मध्येच गेली, म्हटलं कोणाला देणार? वारसांना, सगळे ओरडले. शेजारच्या वर्गातली टीचर डोकावून गेली.

मग मतदान घेतलं. 1800 डॉलर व्याजासकट मंजूर, विरोधात एकच मत. तो गडी बेल झाली तरी हटला नाही, वर जाताना मला सांगून गेला की नकलेवर साक्षांकन नव्हतं. आमच्या ट्रेझरीत असता तर चाळिशीच्या आत सुपरिंटेंडेंट झाला असता.