काचेच्या फटीतून पणतीच्या बुडाकडे: इलेक्ट्रोऑस्मोटिक पंपाची प्रगती

माझ्या इलेक्ट्रोऑस्मोटिक पंपाला, म्हणजे हलत्या भागांशिवाय नुसत्या विजेने अरुंद वाटेतून पाणी ढकलणाऱ्या पंपाला, आता खरा जोर आला आहे. आधीच्या मांडणीत काचेच्या दोन स्लाइड्समधल्या फटीतून पाणी सरकायचं, पण पलीकडची पातळी जराशी वर गेली की थबकायचं. आता त्याच 45 व्होल्टवर, म्हणजे नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या ओळीत जोडून, 8 मिमीच्या उभ्या नळीत पाणी 30 सेंमी चढलं. पुढे नळीच संपली. काचेच्या जागी भाजलेली माती आली, मुख्य बदल एवढाच.

असं का होतं, ते समजून घ्यायला मला फार आवडलं. पाण्यात भिजलेल्या काचेवर किंवा मातीवर ऋण भार येतो आणि पाण्यातले धन आयन त्याच्या जवळ गोळा होतात. हा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. वीज लावली की ते आयन ऋण टोकाकडे निघतात आणि पाण्याला सोबत ओढतात. झीटा पोटेन्शियल, म्हणजे या भारामुळे पृष्ठभागाशी येणारं व्होल्टेज, 50 मिलिव्होल्ट धरलं, तर सेंटिमीटरला 10 व्होल्ट असताना वेग सेकंदाला सुमारे 0.04 मिमी येतो. या हिशेबात वाट किती रुंद आहे याचा संबंधच नाही. उलट दाबाने मागे येणारं पाणी मात्र रुंदीच्या वर्गाने वाढतं. म्हणून 45 व्होल्टला 100 मायक्रॉनची फट जेमतेम 0.2 मिमी पाण्याचा भार पेलते, तर 1 मायक्रॉन त्रिज्येचं छिद्र सव्वा मीटरच्या आसपास. वाट अरुंद करा आणि तशा लाखो वाटा शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे दाब आणि प्रवाह दोन्ही मिळतात. रॉयस या वैज्ञानिकांनी मॉस्कोत हा परिणाम पाहिला तो मातीतच, आणि 1809 साली तो छापून आला.

माती शोधायला बडोद्यात लांब जावं लागत नाही. कुंभाराकडून रंग न लावलेल्या पणत्या आणल्या. एकीचं सपाट बूड पॉलिश पेपरवर घासून 3 मिमी जाडीची, 20 मिमी व्यासाची चकती केली आणि 20 मिलिलिटरच्या दोन सिरिंजच्या नळ्यांमध्ये इपॉक्सीने बसवली. चकती आधी रात्रभर पाण्यात ठेवायची, कारण आत अडकलेली हवा छिद्रं बंद करते. इलेक्ट्रोड म्हणून जुन्या साध्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या. स्टीलची तार धन बाजूला लावू नका, ती विरघळते आणि लोखंडाचे आयन मातीत शिरतात.

द्रावण म्हणजे बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात अगदी थोडा टाकणखार, 1 मिलिमोलरच्या (लिटरला एक सहस्रांश मोल) आसपास. मीठ मुळीच नको. विजेचा प्रवाह भरमसाट वाढतो, पाणी मात्र कमी सरकतं, आणि धन टोकाला क्लोरीन निघू शकतो.

मोजमापात सगळ्यात जपावं लागतं ते बुडबुड्यांना. 10 मिलिअँपिअरला मिनिटाला सुमारे 0.075 मिलिलिटर हायड्रोजन तयार होतो. तो बंद जागेत अडकला तर तोच पाणी ढकलतो आणि आपल्याला वाटतं पंप चालतोय. म्हणून दोन्ही इलेक्ट्रोड वरून उघड्या नळ्यांत ठेवले आहेत, आणि पातळी वाचताना वीज क्षणभर बंद करून बुडबुडे निघून जाऊ देतो. बाहेर पडलेलं पाणी सोनाराच्या छोट्या काट्यावर तोललं: मिनिटाला साधारण 0.3 ग्रॅम. टोकं उलटी केली की पाणी उलट दिशेने निघतं. नुसत्या झिरपण्याने असं कधीच होणार नाही, म्हणून ही तपासणी प्रत्येकाने करावीच.

वेग तासाभराने मंदावतो. धन बाजूला आम्ल तयार होतं, पीएच पट्टी ते लगेच दाखवते, आणि आम्लात मातीचा ऋण भार घटतो. द्रावण बदललं की पंप पुन्हा पूर्ववत. दर दहा मिनिटांनी टोकं पालटणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावला तर आम्ल साचणार नाही, पण मग पाणी एकाच दिशेने नेण्यासाठी झडपा लागतील. त्या झडपांचं डिझाइन सध्या कागदावर आहे.

मकरपुऱ्याच्या बाजूला कोणाकडे लॅबमधली जुनी जी4 सिंटर्ड ग्लासची फनेल (काचेची पूड तापवून जोडलेल्या सच्छिद्र चकतीची, जी4 हा छिद्रांच्या आकाराचा दर्जा) पडून असेल तर कळवा. तिची छिद्रं मातीपेक्षा मोठी, त्यामुळे दाब कमीच येणार. पण 45 व्होल्टला तो नेमका किती कमी येतो, हे पणतीशेजारी ठेवून मोजायचं आहे.