चौदा एप्रिलची दुसरी ओळ

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक फळा आहे. पाणी किती वाजता जाणार, मेंटेनन्स कोणाचा थकलाय हे वरच्या भागात सेक्रेटरी लिहितात, आणि खालचा हातभर तुकडा माझा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे दिनविशेष लिहिते. तीन ओळी, त्याहून जास्त मावत नाही. आणि मावलं तरी लिफ्टची वाट बघता बघता कोण वाचतंय?

चौदा एप्रिलची पहिली ओळ ठरलेली : १८९१, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म, महू. त्यात चर्चेला जागाच नाही. आदल्या रात्रीपासून चैत्यभूमीकडे माणसं निघालेली असतात, निळे झेंडे लागलेले असतात. माझ्या खडूवाचून कोणाचं काही अडत नाही. घोळ सुरू होतो तो दुसऱ्या ओळीपासून.

तिसऱ्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा दरवर्षी टायटॅनिकसाठी अडून बसतो. १९१२, रात्री अकरा चाळीस, हिमनगाला धडक. त्याच्या वडिलांना लिंकन हवा असतो, १८६५, फोर्ड थिएटर. मी मुलाला म्हटलं, अरे, अकरा चाळीस हे जहाजावरच्या घड्याळात, अटलांटिकमध्ये. त्या वेळी माझगावात पंधरा तारखेची सकाळ उजाडून लोकांचा चहा झाला असेल. लिंकनवर गोळी झाडली गेली तीही रात्री सव्वादहाच्या सुमाराला, म्हणजे मुंबईत तोवर पंधराच. तो म्हणाला, "काकू, ही चीटिंग आहे." असेल. पण फळा मुंबईतला आहे, आणि मुंबईच्या घड्याळात चौदा एप्रिलला दुपारी जे घडलं त्यासाठी दुसरी ओळ मी कोणालाही देणार नाही.

कॅलेंडरात त्या चौकोनात बारीक अक्षरात असतं : अग्निशमन सेवा दिन. देशभर चौदा ते वीस एप्रिल सप्ताह पाळतात. हा दिवस आपल्याच गोदीत १९४४ साली झालेल्या स्फोटातून आलाय हे आमच्या इमारतीत किती जणांना माहीत असेल, देव जाणे. स्फोट जिथे झाला ती व्हिक्टोरिया गोदी इथून चालत जाण्याच्या अंतरावर होती. होती म्हणायचं, कारण आता भराव घालून तिथे कंटेनर ठेवायला जागा केलीय.

१९४४ साल, युद्ध चालू. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आलं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, स्पिटफायर विमानं, रिझर्व्ह बँकेसाठी सोन्याच्या विटा, आणि कराचीत चढवलेल्या साधारण ८७०० कापसाच्या गाठी. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात, तळाला कापूस आणि त्याच्या डोक्यावर स्फोटकं. हे वाचलं की मला पहिल्यांदा तो माल लावणाऱ्यांचाच राग येतो. एरवी असं जहाज बाहेर उभं करून माल बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या होड्यांत उतरवायचा, जहाजावर धोक्याचा लाल बावटा लावायचा. युद्धाच्या घाईत ते थेट गोदीत आलं, बावटा नव्हता.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. मधले दोन तास मला सोडवत नाहीत. बंब आले, जवानांनी होल्डमध्ये पाण्याचा मारा सुरू केला. जहाज बुडवावं की समुद्रात ओढून न्यावं यावर साहेब लोकांचं एकमत होईना. बुडवावं तर गोदीत तेवढं खोल पाणी नाही. इकडे ओतलेलं पाणी होल्डमध्ये साचत गेलं, पेटत्या गाठी त्यावर तरंगत वर आल्या, दारूगोळ्याच्या जवळ. विझवणाऱ्या पाण्यानेच आग वर चढवली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

अर्ध्या तासाने दुसरा स्फोट, पहिल्याहून मोठा. या स्फोटांत शेजारचं जवळपास चार हजार टनांचं जहाज 'जलपद्म' उचललं जाऊन धक्क्यावर आदळलं. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. मृतांचा आकडा ८०० पासून १३०० पर्यंत सांगतात, बेघर झाले ८०,०००. एक सोन्याची वीट, २८ पौंडांची, मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्याने ती परत केली. बाकीच्या विटा पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना निघत राहिल्या.

माझ्या सासूबाई तेव्हा उमरखाडीत राहत, शाळकरी वयाच्या. त्यांच्या आठवणीत ना जहाज, ना सोनं. त्यांना आठवायच्या गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळत घातलेल्या कुरडया. रेशनिंगचे दिवस, गहू कसाबसा जमवलेला. आवाज झाला तेव्हा सगळे जिन्याखाली पळाले, जपान्यांनी बॉम्ब टाकला म्हणून. नंतर वर जाऊन पाहिलं तर कुरडयांवर तेलकट काजळी आणि जळक्या कापसाचे पुंजके चिकटलेले. आईने चिक करून पुन्हा घालू म्हटलं, पण गहूच उरला नव्हता. हे सांगताना त्या अजून हळहळायच्या, आणि वर विचारायच्या, "मेली जहाजं एवढी, कापूस वेगळ्या जहाजात नसता मावला?" चौकशी समितीनेही याहून वेगळं काय विचारलं असेल!

दिनविशेष लिहिणारीला छळणारी गोष्ट आणखी एक. पंधरा एप्रिलच्या पेपरात हे धड नव्हतं. युद्धाची सेन्सॉरशिप. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने तपशिलासकट बातमी दिली, आणि इथल्या वर्तमानपत्रांना छापायला परवानगी मिळाली ती मे महिन्यात. शहराने कानांनी ऐकलेलं शहराच्याच पेपरात नाही.

आणि त्याच दिवशी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षं पूर्ण होत होती. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. पहिली ओळ आणि दुसरी ओळ अशी एका दुपारी एकत्र येते, म्हणून मी दोन्हींच्या मध्ये जागा सोडत नाही.

तिसऱ्या ओळीत यंदा मुलाच्या हट्टाखातर टायटॅनिक लिहिलं, पुढे कंसात "मुंबईत १५ तारीख". त्याने ते डस्टरने पुसलं, मी पुन्हा लिहिलं. फळ्याखालच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरवरची भरण्याची तारीखही तेव्हाच वाचली. कधीची उलटून गेलेली. सेक्रेटरींना बोलावून दाखवली, सप्ताह संपायच्या आत भरून घ्या म्हटलं.

"पुढच्या एजीएमला विषय घेऊ," ते म्हणाले.