पाणी नसलेल्या नदीचे कप्तान

समुद्रावरच्या कप्तानाला धास्ती वादळाची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मिसुरी नदीवर आगबोटी हाकणाऱ्यांना धास्ती होती ती पाणी ओसरण्याची. 'प्यायला दाट आणि नांगरायला पातळ' अशी या नदीची ख्याती. सेंट लुईसहून माँटानातल्या फोर्ट बेंटनपर्यंत दोन हजारांहून अधिक मैल, तेही प्रवाहाच्या उलट. पहिली आगबोट तिथवर पोचायला १८६० साल उजाडलं. एका पुरात पात्र सरकायचं, त्यामुळे गेल्या खेपेची वाट या खेपेला असेलच असं नाही.

बोट वाळूत रुतली की पुढचा प्रकार मला फार आवडतो. नाकाशी दोन लांब, जाड वासे बांधलेले असायचे. ते तळात रोवायचे, दोर कप्पीवरून घेऊन वाफेवरच्या रहाटाला गुंडाळायचे, आणि बोट ढकलणारं मागचं चाक गरगर फिरवायचं. बोटीचं नाक वर उचललं जाई आणि ती कुबड्यांवरच्या म्हाताऱ्यासारखी दोन पावलं पुढे टेकत असे. मग वासे उपटायचे, पुन्हा रोवायचे. प्रवासी कठड्याला टेकून बघत असणार, आणि प्रत्येकाकडे एकेक सल्लाही असणार, ही आपली माझी खात्री.

शिवाय बॉयलरला सतत लाकूड हवं, आणि त्याच गढूळ पाण्याने तो भरायचा म्हणून आतला गाळही उपसायचा. साहस वगैरे पुढचं. कप्तानाचा दिवस जायचा सरपण आणि चिखलात.

ग्रँट मार्श हा त्यातला नामी माणूस. १८७६ साली लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टरची तुकडी संपवली. त्या लढाईतल्या इतर तुकड्यांच्या जखमी सैनिकांना मार्शने आपल्या 'फार वेस्ट' बोटीच्या डेकवर गवत अंथरून निजवलं आणि सातशेदहा मैल चोपन्न तासांत कापून बिस्मार्कला आणलं. एरवी इंच इंच लढवणाऱ्या माणसाला अखेर प्रवाहाच्या दिशेने बोट सोडायला मिळाली, पण कसल्या निमित्ताने! आणि या बोटींनी वर नेलं ते सगळंच भलं नव्हतं. १८३७ साली 'सेंट पीटर्स' बोटीबरोबर देवीची साथ गेली, आणि काठावरच्या मांडान या मूळनिवासी लोकांची गावंच्या गावं ओस पडली.

नदीने बऱ्याच बोटी गिळल्या. 'अरेबिया' ही १८५६ साली पाण्याखालच्या अक्रोडाच्या खोडावर आपटून काही मिनिटांत बुडाली. माणसं सगळी वाचली. पुढे नदीच बाजूला सरकली आणि बोट राहिली शेताखाली. १९८८ साली ती खणून काढली ती मक्याच्या शेतात पंचेचाळीस फूट खालून, नदीपासून अर्ध्या मैलावर. भांडी, बूट, बटणं, कापड, अख्खं दुकानच. लोणच्याच्या बाटल्या इतक्या शाबूत की शोधणाऱ्यांपैकी एकाने चवसुद्धा घेतली. आपल्या आज्यांनी मात्र एवढ्यावर मान डोलावली नसती. तेल किती होतं, हे आधी विचारलं असतं.

'अरेबिया'वर बुडालं ते एक खेचर. मालकाचं म्हणणं, मी पुष्कळ ओढलं, पण हट्टी जात, जागचं हलेना. एकशेबत्तीस वर्षांनी त्याचा सांगाडा सापडला, तेव्हा तो बांधलेलाच होता.